तीन महिन्यांची साखर आणि आपले रक्त

स्मरणिकेतील आरोग्यविषयक लेख बहुधा आहार, विहार आणि व्यायाम या तीन शब्दांत आटोपतो. संपादक मंडळाने या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या आरोग्य गटाकडे लेख मागितला, तेव्हा आम्हीही तसेच काही लिहून मोकळे होणार होतो. आमच्या गटात एक-दोन डॉक्टर, काही परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि बाकीचे आमच्यासारखे शिक्षक व कारकून आहेत. मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या आवारात रक्ततपासणीचे शिबिर भरविणे एवढेच आमचे काम. परंतु या शिबिरांत आम्ही स्वतःच जी चूक केली आणि जी उशिरा ध्यानात आली, ती या पानांवर नोंदविणे अधिक अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते. कारण ती चूक आमच्यापुरती मर्यादित नाही. ज्या ज्या वस्तीत आपले बांधव मधुमेहाची तपासणी करून घेतात, त्या त्या वस्तीत ती घडत असण्याचा संभव आहे.

प्रथम घडले ते सांगतो. आमचा एक वर्गबंधू मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला. वडिलांनी त्याला लहानपणी आपल्या वसतिगृहात आणून सोडले, आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने तो देवनारलाच स्थायिक झाला. सलग तीन वर्षे त्याने शिबिरात 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीएवनसी, तपासून घेतली. आकडा आला 6.0, मग 6.1, मग 6.2. आम्ही त्याला सांगितले, "अजून मधुमेह नाही, उंबरठ्यावर आहेस, भात कमी कर." तोही निर्धास्त राहिला. चौथ्या वर्षी पायाची जखम महिनाभर भरेना, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले, तेव्हा त्याच्या पत्नीने त्याला बळेच दवाखान्यात नेले. उपाशीपोटी साखर 148 आणि जेवणानंतर 236 निघाली. मधुमेह होता, आणि तो आजचा नव्हता. डॉक्टरांनी रक्ताची आणखी एक तपासणी करविली तेव्हा कळले की, आमचा मित्र सिकलसेलचा वाहक आहे. त्याला स्वतःला याची कल्पना नव्हती. ज्या पद्धतीने आम्ही त्याची तपासणी करवीत होतो, ती पद्धत त्याच्या रक्ताशी जुळणारी नव्हती, हे आम्हांलाही ठाऊक नव्हते.

हे समजून घेण्यासाठी हा आकडा मुळात काय मोजतो ते पाहावे लागेल. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसांतून प्राणवायू उचलून तो सर्व शरीरभर पोहोचविणे हे त्याचे काम. प्रौढ माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रामुख्याने 'ए' या प्रकारचे असते. रक्तात फिरणारी साखर या हिमोग्लोबिनच्या एका टोकाला हळूहळू चिकटत जाते, आणि एकदा पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. साहजिकच, साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजले की मागील दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती याचा अंदाज येतो. 6 टक्के म्हणजे सरासरी सुमारे 126, 7 टक्के म्हणजे 154, 8 टक्के म्हणजे 183, असे त्याचे गणित आहे. उपाशी राहण्याची गरज नाही, आदल्या दिवशी पथ्य पाळून डॉक्टरांना फसविण्याची सोय नाही. म्हणून ही तपासणी जगभर लोकप्रिय झाली. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2010 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये 6.5 टक्के ही मधुमेहाच्या निदानाची रेषा म्हणून मान्य केली. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने ही मान्यता देताना एक अट घातली होती. ज्या स्थितीमुळे हा आकडाच बिघडतो अशी कोणतीही स्थिती त्या माणसात नसावी, ही ती अट. शिबिरांच्या फलकांवर आकडा आला. अट मात्र कागदातच राहिली.

या तपासणीचा जन्म कसा झाला हे पाहिले तर ही अट विसरली जावी याचे नवल वाटते. तेहरान विद्यापीठातील सॅम्युएल राहबर हे संशोधक 1960 च्या दशकात रुग्णांच्या रक्तात निराळ्या जातीचे हिमोग्लोबिन सापडते का, याचा शोध घेत होते. काही नमुन्यांत त्यांना एक अनोळखी पट्टा दिसला. ते रुग्ण मधुमेही होते. हाच तो साखर चिकटलेला हिमोग्लोबिनचा अंश, आणि 1968 मध्ये राहबर यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या तपासणीला आज निराळ्या हिमोग्लोबिनचा विसर पडला आहे, ती तपासणी निराळे हिमोग्लोबिन शोधतानाच हाती लागली.

निराळे हिमोग्लोबिन म्हणजे काय? हिमोग्लोबिनची साखळी अमिनो आम्लांच्या मण्यांची बनलेली असते. आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांत एखादा फरक असला की साखळीतील एक मणी बदलतो. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने 'एस' हिमोग्लोबिन तयार होते. एकाच पालकाकडून हा गुण आला तर माणूस वाहक असतो. त्याच्या रक्तात बहुतांश 'ए' आणि साधारण 35 ते 40 टक्के 'एस' असते. त्याला सहसा कसलाही त्रास होत नाही. दोन्ही पालकांकडून आला तर तो रुग्ण ठरतो. त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, तुटतात आणि असह्य वेदना देतात. 'एस'प्रमाणेच पंजाब व उत्तर भारतात 'डी', बंगाल-आसामकडे 'ई' ही हिमोग्लोबिने आढळतात. बीटा थॅलेसेमियाचे वाहक तर मुंबईत सर्वत्र आहेत.

हे निराळेपण तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा दोन वाटांनी बिघडविते. या दोन वाटा एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे, कारण एकीवरील उपाय दुसरीवर चालत नाही.

पहिली वाट यंत्राची. काही यंत्रे हिमोग्लोबिनचे अंश त्यांच्या विद्युतभारानुसार वेगळे करतात. मणी बदलला की भार बदलतो, आणि एक अंश दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो किंवा हिशेबातून निसटतो. काही यंत्रे प्रतिपिंडांच्या साह्याने साखळीचे टोक ओळखतात. बदललेला मणी टोकाजवळ असला, जसा तो सिकलसेलमध्ये असतो, तर काही जुन्या पद्धतींची ओळख चुकत असे. 'डी' आणि 'ई' मधील बदल टोकापासून दूर असल्याने या पद्धतीला ते सहसा अडत नाहीत. बोरोनेट अ‍ॅफिनिटी नावाची तिसरी पद्धत चिकटलेल्या साखरेलाच पकडते, मग हिमोग्लोबिन कोणतेही असो. त्यामुळे भाराच्या फरकाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. आज मोठ्या प्रयोगशाळांतील बरीच नवी यंत्रे सिकलसेलच्या वाहकांतही चांगला हिशेब देतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण कोणते यंत्र कोणत्या हिमोग्लोबिनला फसते याचे उत्तर यंत्रागणिक वेगळे आहे, आणि शिबिरात आलेले यंत्र कोणते होते हे शिबिर भरविणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते.

दुसरी वाट पेशीच्या आयुष्याची. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी 120 दिवस जगत नाही. ती दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही. शिवाय अशा रुग्णाच्या शरीरात 'ए' हिमोग्लोबिन तयारच होत नाही. मग 'ए'वर चिकटलेली साखर मोजायची कशी? अहवालावर एखादा आकडा छापून आला तरी तो निरर्थक असतो. रुग्णाला नुकतेच रक्त चढविलेले असेल तर तो आकडा रक्तदात्याच्या साखरेचाही असू शकतो. येथे यंत्र कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. सिकलसेलच्या रुग्णाला मधुमेह आहे की नाही हे तीन महिन्यांच्या साखरेवरून ठरवू नये, हे वैद्यकाने स्पष्टपणे सांगितलेले आहे. ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या विकराची जन्मजात कमतरता असणाऱ्यांतही पेशी लवकर मरत असल्याने आकडा कमी दाखविला जातो.

हा विषय आपल्या स्मरणिकेत का, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या पटावर आहे. ही शाळा देवनारला आहे खरी. पण तिच्या वसतिगृहात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची मुले आली, नंदुरबार-धुळ्याची आली, आणि शिकून याच उपनगरांत राहिली. महाराष्ट्रातील सिकलसेलचे पट्टेही हेच. नागपूरकडील सिकलसेलच्या वाहकांविषयीचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. पुढे राज्यभर झालेल्या पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या आदिवासी समूहांत वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळले. विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात आणि त्याच गावांतील इतर मागासवर्गीय कुटुंबांतही हा गुण आहे. या प्रश्नासाठी आयुष्य वेचणारे नागपूरचे संपत रामटेके यांना 2018 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे योजिले आहे. उद्देश स्तुत्य आहे. परंतु वयाची ही मर्यादा पाहा. मधुमेह बहुतांशी ज्या वयात गाठतो, त्या वयाचे आमच्यासारखे लोक या तपासणीच्या बाहेर राहतात. विदर्भातील गावात तपासणी झाली तर हाती पिवळे वा लाल कार्ड तरी येते. मुंबईत स्थलांतरित झालेल्या पन्नाशीच्या माणसाला कोणतेच कार्ड नाही.

दुसरीकडे मधुमेहाची स्थिती काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक उंबरठ्यावर आहेत. या दोन गर्दींची जेथे भेट होते, तेथे आपली वस्ती उभी आहे.

फरक केवढा पडतो? अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांवरील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर सारखीच असताना सिकलसेलच्या वाहकांमध्ये हा आकडा इतरांपेक्षा सरासरी 0.3 ने कमी आढळला. कोणी म्हणेल, 0.3 म्हणजे काय मोठेसे? ज्याचा खरा आकडा 6.7 यायला हवा त्याचा 6.4 येतो, आणि रेषा तर 6.5 वर आहे. एका दशांशाने माणूस मधुमेही ठरत नाही, औषध सुरू होत नाही, डोळ्यांची आणि मूत्रपिंडाची तपासणी कोणी सांगत नाही. यंत्राची पद्धतही प्रतिकूल असली तर फरक याहून वाढतो. आमच्या मित्राच्या अहवालातील 6.2 या आकड्यानुसार त्याची सरासरी साखर सुमारे 131 असायला हवी होती. प्रत्यक्षात उपाशीपोटीच ती 148 होती. हा विसंगतीचा पुरावा तीन वर्षे कोणालाही मिळू शकला असता. आम्ही साधी उपाशीपोटी साखर तपासली असती एवढेच.

चूक उलट दिशेनेही होते आणि तिची झळ आपल्या भगिनींना बसते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाला असता नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशी जास्त काळ रक्तात राहतात, आणि साखर वाढलेली नसतानाही आकडा वाढलेला दिसतो. आपल्या देवनारमधीलच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. तिच्या 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आमच्या शिबिरात एका पालक भगिनीचा आकडा 6.6 आला. तिला मधुमेही ठरवून गोळ्या सुरू झाल्या, ती घाबरून जेवण तोडू लागली, अधिकच अशक्त झाली. पुढे तिची उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर दोन्ही योग्य निघाली, आणि लोहाच्या गोळ्यांनी आकडाही खाली आला. एका अहवालाने जिला आजारी ठरविले, तिला खरे तर सकस आहाराची गरज होती. त्याच दिवशी त्याच टेबलावर आमचा मित्र निरोगी ठरला होता, हे आठवले की मन विषण्ण होते.

मधुमेह आपल्या समाजाला परका नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अखेरची वर्षे याच आजाराशी झुंजण्यात गेली. त्यांच्या काळी तीन महिन्यांची साखर नावाची तपासणी नव्हती. लघवीची तपासणी आणि अधूनमधून रक्तातील साखर एवढ्यावरच डॉक्टरांना भागवावे लागे. डॉ. माईसाहेब आंबेडकरांनी इन्सुलिन, पथ्य आणि देखरेख यांची जी निगा राखली ती सर्वश्रुत आहे. ज्या साधनांचा तेव्हा अभाव होता ती आज देवनारच्या गल्लीत उपलब्ध आहेत. साधन हाती असूनही ते कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही हे न पाहणे, हे मात्र आजच्या पिढीचे अपयश म्हणावे लागेल.

आमच्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला आक्षेप आमच्याच गटातील एका डॉक्टर भगिनीने घेतला. "लोक आधीच तपासणीला येत नाहीत. तुम्ही तपासणीवर शंका घेतलीत तर उरलेलेही यायचे बंद होतील," असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. म्हणून निक्षून सांगतो की, एचबीएवनसी ही तपासणी वाईट नाही. बहुसंख्य लोकांत ती विश्वसनीय आहे, आणि चांगल्या यंत्रावर बऱ्याच वाहकांतही ती चालते. कोणीही ती सोडू नये, चालू असलेले औषध तर मुळीच सोडू नये. आमचे म्हणणे एवढेच की तिला एकटीला निकाल देऊ नये. तिच्याबरोबर उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेची साक्ष घ्यावी, आणि साक्षी जुळत नसतील तर रक्ताच्या जातीचा शोध घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. "आधीच आपल्या रक्ताविषयी शतकानुशतके काय काय बोलले गेले. आता आपणच आपल्या रक्तात दोष आहे असे छापायचे का? मुलींची लग्ने कशी व्हायची?" एका ज्येष्ठ पालकांनी हे बैठकीत विचारले तेव्हा सारेच स्तब्ध झाले होते. आमचे उत्तर असे. सिकलसेलचा गुण हा दोष म्हणून उपजलेला नाही. ज्या प्रदेशांत मलेरियाने माणसे मरत, तेथे या गुणाच्या वाहकांना मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळाले. म्हणून तो टिकला. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, आणि विदर्भात तो जातीची चौकशी न करता अनेक समाजांत आहे. एखाद्या समूहात त्याचे प्रमाण वाढते याचे एक मोठे कारण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच होणारे विवाह. बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात स्वजातिविवाह हाच जातिसंस्थेचा कणा असल्याचे दाखवून दिले होते. कुंपण जातीने घातले. त्याच्या आत जे साठले त्याची लाज कुंपणात कोंडलेल्यांनी का बाळगावी? लपविल्याने मात्र निश्चित हानी होते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे आधी कळले तर सल्ला घेता येतो, मार्ग काढता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा समावेश झाला आहे. ज्याला कायद्याने हक्काच्या यादीत स्थान दिले, त्याला आपण कुजबुजीत ठेवू नये.

म्हणून आम्ही काही ठोस गोष्टी सुचवितो. आम्ही पुढील मेळाव्यापासून त्या स्वतः आचरणात आणणार आहोत. शाळेने, पालकांनी आणि इतर वस्त्यांतील मंडळांनीही त्यांचा विचार करावा.

शिबिरात एचबीएवनसीबरोबर उपाशीपोटी साखर आणि हिमोग्लोबिन या दोन तपासण्या सक्तीने व्हाव्यात. उपाशीपोटी 126 किंवा अधिक, अथवा 75 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी 200 किंवा अधिक, ही मधुमेहाच्या निदानाची प्रमाणे आहेत, आणि हिमोग्लोबिनच्या जातीने ती बदलत नाहीत. हातातल्या ग्लुकोमीटरवर सर्वस्वी विसंबू नये. तीव्र रक्तक्षय असताना तो साखर वाढवून दाखवू शकतो. शंका आली की शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि एकाच आकड्यावर निदान न करता ते दुसऱ्या तपासणीने पक्के करावे.

ज्याचे मूळ गाव सिकलसेलच्या पट्ट्यात आहे, ज्याच्या घरात कोणाला पिवळे वा लाल कार्ड मिळाले आहे, किंवा ज्याच्या नात्यात कोणाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याने आयुष्यात एकदा हिमोग्लोबिनची एचपीएलसी अथवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्यावी. ती वर्षावर्षाला करावी लागत नाही. जन्मजात गुण बदलत नाही. मुंबईकरांना यासाठी फार दूर जावे लागत नाही. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे आणि रक्ताचे हे विकार हाच तिच्या अभ्यासाचा विषय आहे.

प्रयोगशाळेला विचारण्याचा संकोच धरू नये. "तपासणी कोणत्या पद्धतीने केली? त्या पद्धतीवर सिकलसेलचा परिणाम होतो का? आलेखात वेगळा अंश दिसला का?" हे तीन प्रश्न कोणीही विचारू शकतो. आकडा 15 च्या पुढे गेला, प्रयोगशाळा बदलताच एकदम उडी मारली, किंवा घरच्या तपासणीशी त्याचा मेळ बसेना, तर निराळ्या हिमोग्लोबिनची शंका घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णांनी मधुमेहाच्या देखरेखीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजच्या साखरेची नोंद किंवा फ्रुक्टोसामिन तपासणी यांचा आधार घ्यावा. फ्रुक्टोसामिनचा संबंध तांबड्या पेशींशी नसून रक्तरसातील प्रथिनांशी असतो आणि ती मागील दोन-तीन आठवड्यांचे चित्र देते. मात्र अंगातील प्रथिने फार कमी झाली असतील तर तीही फसते, हे ध्यानात असू द्यावे.

शाळेकडे आमची एक विशेष विनंती आहे. वसतिगृहात प्रवेश घेताना प्रत्येक मुलाचा आरोग्यपट तयार होतो. त्यात उंची, वजन, लस आणि रक्तगट यांची नोंद असते. पालकांच्या संमतीने त्यात हिमोग्लोबिनच्या जातीची एक ओळ वाढवावी. ही नोंद गोपनीय राहावी, वर्गात किंवा फलकावर तिचा उच्चार होऊ नये, आणि शाळा सोडताना ती दाखल्यासोबत मुलाच्या हाती द्यावी. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि तापात तातडीचे उपचार लागतात. तेव्हा या नोंदीचा उपयोग त्याला लगेच होईल. वाहक मुलाला तिचा उपयोग तिशीत विवाहाच्या वेळी आणि पन्नाशीत मधुमेहाच्या वेळी होईल. आमच्या मित्राच्या आरोग्यपटात ही एक ओळ असती तर त्याची तीन वर्षे वाया गेली नसती.

तथागतांनी कालामांना उपदेश करताना कोणाच्या अधिकारावर, परंपरेवर किंवा ग्रंथात लिहिले आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितल्याचे आपण या शाळेच्या सभागृहात लहानपणापासून ऐकत आलो. छापील अहवाल हाही आजच्या काळातला एक अधिकारच आहे. त्याच्यापुढे आपण मान तुकवतो, कारण तो यंत्रातून येतो आणि त्यावर शिक्का असतो. पारखणे म्हणजे त्याचा अव्हेर करणे नव्हे. तो कोणत्या माणसाच्या मापाने बेतला आहे आणि तो माणूस आपणच आहोत का, एवढे विचारणे होय.

आमच्या मित्राची जखम आता भरली आहे. दोन बोटे थोडक्यात वाचली. त्याच्या थोरल्या मुलीने आपली तपासणी करून घेतली. ती वाहक आहे आणि तिने ते आपल्या होणाऱ्या पतीला स्वतःहून सांगितले. त्यानेही आपली तपासणी करून घेतली. लग्न येत्या वैशाखात, आपल्या शाळेच्या विहारात आहे. पुढील मेळाव्याच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलावर आमचा हा वर्गबंधू बसणार आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारील, "दादा, ताई, मूळ गाव कोणते?" हा प्रश्न आजवर आपल्याला पुष्कळांनी पुष्कळ हेतूंनी विचारला. या टेबलावर तो आपल्या आरोग्यासाठी विचारला जाईल. त्याचे उत्तर मोकळेपणाने द्यावे, ही आमची सर्वांना विनंती.

जय भीम.